दोन टिचक्या

उर्मिला चौगुलेच्या तोंडात त्या दिवशी तिचं स्वतःचं असं काहीच नव्हतं. जीभ होती, दात होते, हिरड्या जागच्या जागी होत्या. पण त्यांच्याकडून कसलीही बातमी येत नव्हती. बातमी येत होती ती तिच्या भावाच्या तोंडातून. गडहिंग्लजच्या दुसऱ्या टोकाला, घरी, धैर्यशील भडंग खात होता आणि इथं मसाल्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या उर्मिलाला प्रत्येक चुरमुरा आपल्याच दाढेखाली फुटल्यासारखा कळत होता. घास डावीकडे गेला की कळ. मग तो उजवीकडे सरकायचा आणि पुन्हा कुरकुर सुरू व्हायची.

तिच्यासमोर वैजयंतावहिनींनी वाटी धरली होती. मसाला कुटायच्या डंकातून नुकताच उतरलेला कांदा-लसूण मसाला होता, अजून कोमट.

"बघ गं, मीठ कसं झालंय?"

उर्मिलानं चिमूटभर मसाला जिभेवर ठेवला. नेहमीसारखे डोळे मिटले.

"बरोबर हाय," ती म्हणाली.

त्या मसाल्यात मीठ दोनदा पडलं होतं.

भावेश्वरी महिला गटाचा मसाला पार दुबईपर्यंत जायचा तो उर्मिलाच्या जिभेवर. बाकीच्या कारखान्यांनी चव ओळखणारी यंत्रं कधीच आणली होती. ऊन आता असं पडायचं, की संकेश्वरी मिरची पहाटेच वाळत घालून नऊच्या आत उचलावी लागे. ते कामसुद्धा यंत्रच करायचं. पण चवीच्या बाबतीत गट चालवणाऱ्या वैजयंतावहिनी हटून बसल्या होत्या. "यंत्र तिखट किती ते सांगतंय, चांगलं हाय का ते सांगत न्हाई," असं त्या येईल त्याला ऐकवायच्या. अशा जिभेला मीठ कळू नये, हे कसं घडलं ते सांगायचं तर धैर्यशीलच्या तोंडापासून सुरुवात करायला हवी. आणि ते तोंड तर कुणी धड पाहिलेलंच नव्हतं.

धैर्यशील चाळिशीचा. उर्मिलाहून लहान. त्याला ऑटिझम आहे हे लहानपणीच कळलं होतं आणि घरानं ते पचवलंही होतं. बोलायचा मोजकंच: अक्का, भडंग, नको, झालं. भर उन्हाळ्यातही डोक्यावर कानटोपी. घरी बसून गटाच्या पिशव्यांना लेबलं लावायचा, आणि कुणी शेजारी बसून बडबड केली तर लेबलं घेऊन दुसऱ्या खोलीत जायचा. आई होती तोवर त्याच्या तोंडाचा विषय कधी निघालाच नाही. "त्याचं मी बघतो, तू तुझ्या कामाला जा," असं आई म्हणायची. उर्मिला कामाला जायची. आपण बरं, आपलं काम बरं.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर काही महिन्यांतच धैर्यशीलच्या उशीच्या अभ्र्यावर लाल डाग दिसायला लागले. तो मुठीनं स्वतःचा जबडा ठोकून घ्यायचा. ब्रश नुसता दिसला तरी मोरीत जाऊन आतून कडी लावायचा. मनोविकाराच्या डॉक्टरांनी शांत राहायच्या गोळ्या दिल्या. तो शांत झाला, पण त्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडलं आणि कोरड्या तोंडात हिरड्या आणखीच बिघडल्या. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

डॉक्टर तबस्सुम मुजावर दातांच्या डॉक्टर होत्या, पण दवाखान्याच्या खुर्चीचा हट्ट न धरता त्या घरी आल्या आणि बाहेरच्या सोप्यात फरशीवर बसल्या. खूप वेळ त्यांनी काहीच केलं नाही. धैर्यशीलनं एक मोठी जांभई दिली, तेवढ्यात त्यांनी पाहायचं ते पाहून घेतलं.

"घरात कुणी मिश्री, तंबाखू?" त्यांनी विचारलं.

"छे! आई लावायची मिश्री. ती गेली," उर्मिला म्हणाली. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची ती पूड, तिचा डबा, सगळं उर्मिलानं आईच्या तेराव्यालाच टाकून दिलं होतं. शिकलेल्या मुलीला आईच्या त्या सवयीची लाज वाटायची.

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. दाताच्या मुळाशी, हिरडीच्या फटीत, जंतूंचा चिकट थर रोज बसतो. रोज पुसला तर तो चार घटकांचा पाहुणा. नाही पुसला तर तिथंच मुक्काम करतो आणि दगडासारखा घट्ट होतो. शरीर त्याच्याशी लढायला आपलं सैन्य पाठवतं, पण त्या लढाईत शेत तुडवलं जातं ते आपलंच. हिरडी सुटते, खालचं हाड झिजतं, आणि कीड नसलेला धडधाकट दातही हलायला लागतो.

"आणि त्याला ब्रश सोसत नाही तो हट्ट नव्हे, ताई. तोच तोच स्पर्श पुन्हा पुन्हा आला की आपला मेंदू तिकडं कानाडोळा करतो. अंगातला सदरा तुम्हाला दिवसभर जाणवतो का? त्याला जाणवतो. ब्रशचा शंभरावा फटकारा त्याला पहिल्याइतकाच ताजा लागत असणार."

"मग करायचं काय?"

"हा मसाल्याचा हंगाम संपेपर्यंत बघू. तोवर हिरड्या ताब्यात आल्या नाहीत, तर भूल देऊन सगळेच दात काढावे लागतील. नाहीतर ते विष अंगात भिनेल."

सगळे दात. उर्मिलानं मान हलवली. धैर्यशील खायचा तीनच गोष्टी: भडंग, कडक भाकरी आणि भाजलेले शेंगदाणे. मऊ भात पानात पाहिला तरी त्याला उमळून यायचं. तोंडात ब्रश न घेणारा माणूस कवळी घेणार होता थोडीच! दात गेले की त्याचं जेवणच गेलं, हे तिला तिथल्या तिथं कळलं. रडू यायला हवं होतं. आलं नाही. आई गेल्यापासून ते तसंच कुठंतरी अडकून पडलं होतं.

तेव्हा डॉक्टरांनी जोडपट्टीचं नाव काढलं. पुण्यात नुकतीच निघाली होती. एका गोळीत धुळीएवढे संवेदक असतात. गोळी चघळली की ते हिरड्यांना चिकटतात आणि काही आठवडे तिथं राहतात. एक बटण त्याच रुग्णाच्या डोक्याशी ठेवायचं. तोंडात काय घडतंय ते संवेदक सांगतात, आणि मेंदूला ते किती झोंबतंय ते बटण सांगतं. दोन्ही मिळून संदेश जातो सांभाळणाऱ्या माणसाच्या टाळूवर बसवलेल्या मऊ पट्टीकडे. ती पट्टी तिथल्या नसांना हलके चेतवते आणि त्याच्या तोंडात जे होतंय ते याला आपल्या तोंडात जाणवतं. ज्याला सांगता येत नाही त्याचं दुखणं दुसऱ्याला कळावं, म्हणून हा खटाटोप.

"पण एका तोंडात दोन तोंडं मावत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून पट्टी आधी तुमचं तोंड बधिर करते. दिवसाला तासभर, त्यापुढं नाही. जास्त लावली तर नसा परत जाग्या व्हायला कुरकुर करतात. तुमचं तर पोटच जिभेवर चालतं."

"लावतो मी," उर्मिला म्हणाली.

मूळ गोळी पुदिन्याची होती, ती धैर्यशीलनं थुंकून टाकली. मग डॉक्टरांनी ते संवेदक बत्ताशात घालून आणले. दातांच्या डॉक्टरनं बत्तासा खायला द्यावा, यावर त्या स्वतःच खूप हसल्या. बटण कानटोपीत शिवलं. उर्मिलाच्या टाळूवर पट्टी बसवून त्यांनी तिच्या पुढच्या दातावर आरशाच्या दांड्यानं ठोकलं.

"जाणवतंय?"

"जाणवत न्हाई. ऐकू येतंय मातर."

"ते येणारच. ते हाडातून थेट कानात जातं. त्याला हिरडी लागत नाही."

दुसऱ्या दिवशी उर्मिलानं ब्रश घेतला. कशीबशी समजूत काढून धैर्यशीलच्या समोरच्या दातावर एकदाच फिरवला. चुलीवरच्या कढईला तारेच्या चोथ्यानं घासावं आणि ती कढई आपणच असावं, तसं तिला झालं. डोळ्यांतून पाणी आलं. ते दुःखाचं नव्हतं, नुसतं अंगाचं होतं. ब्रश हातातून पडला. इतकी वर्षं आपण याला हट्टी म्हटलं, चारचौघांत म्हटलं, याची तिला शरम वाटली. ती शरमही जाड कापडातून यावी तशी आली.

तिनं मऊ ब्रश आणले, कापूस आणला, पाण्याच्या धारेचं यंत्र आणलं. प्रत्येक वेळी तीच कढई, तोच चोथा. मग तिनं पट्टी तासभरापुरती लावणं सोडून दिलं. दुखणं काय वेळ ठरवून येतं? जेवताना, कामावर, पिशव्या मोजताना ती त्याच्या तोंडात असायची. त्याला कुठली दाढ छळते, गार पाणी कुठं झोंबतं, कितव्या घासाला तो थांबतो, सगळं तिला पाठ झालं. उपाय मात्र सापडला नाही. आणि खोटं कशाला सांगायचं, ते बधिर होणं तिला बरंही वाटत होतं. आई गेल्यापासून घरातला चहा तिला बेचवच लागायचा. आता त्याला निदान काहीतरी कारण होतं.

मग तो खारट मसाला बाजारात गेला आणि तसाच परत आला.

वैजयंतावहिनींनी तिला शेडच्या मागे नेलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"उर्मे, तोंड उघड."

तिनं उघडलं. वहिनींनी पट्टी पाहिली आणि डोक्याला हात लावला.

"अगं, भावासाठी करतीस ते कळतंय मला. मी काय दगड हाय? पण तुझी जीभ म्हणजे काय तुझ्या एकटीची हाय व्हय? सगळ्या बायकांची भाकरी हाय तिच्यावर."

"व्हय, वहिनी."

"भांड की जरा माझ्यासंगं!"

"काय भांडू? बरोबर हाय तुमचं."

आठ दिवसांत चवीचं यंत्र आलं. फुलांचा हार घालून, नारळ फोडून बसवलं. उर्मिला पिशव्या भरायच्या टेबलावर गेली. बायका तिच्याकडे बघायचं टाळत होत्या. पट्टी काढून ठेवली तरी आता मिरचीही नुसती गरम लागायची. डॉक्टरांनी तपासलं आणि त्या पहिल्यांदाच चिडल्या.

"तासभर म्हणाले होते ना मी? आज काढलीत तर थोडी चव परत येईल. सगळी येईल असं मात्र सांगत नाही."

"बरं," उर्मिला म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पट्टी लावूनच कामावर गेली. पट्टी काढली की धैर्यशीलच्या तोंडाचं दार बंद होणार होतं, आणि हंगाम तर संपत आला होता.

त्या दुपारी ती पिशवीचं तोंड शिवत होती. अचानक तिच्या उजव्या खालच्या शेवटच्या दाढेवर एक बोट टेकलं.

ब्रश नव्हता, कापूस नव्हता. बोटच होतं. दाबून, न घाबरता, ते दाढेवरून पुढे सरकलं, खालच्या दातांवरून डावीकडे गेलं, डाव्या दुखऱ्या दाढेपाशी जरा थांबलं, वर चढलं आणि वरच्या दातांवरून उलटं उजवीकडे आलं. कळ नाही. चोथा नाही. उर्मिलाच्या हातातली पिशवी कलंडली. हा रस्ता तिच्या ओळखीचा होता. शाळेत जायच्या आधी परसातल्या दगडावर बसवून आई तिचे दात राखुंडीनं असेच घासायची, याच वाटेनं. आणि शेवटी पुढच्या दातांवर नखानं दोन टिचक्या मारायची. म्हणजे झालं, ऊठ.

टक, टक.

उर्मिला शेडमधून निघाली ती चप्पल न घालताच.

घरच्या परसात शेजारची तानूमावशी बसली होती. आईची मैत्रीण, आई गेली त्याच सुमारास ती लेकाकडे पुण्याला गेली होती, ती कालच परतली होती. तिच्यासमोर मिश्रीचा डबा होता आणि बाजूला धैर्यशील, काळं बोट पदरासारख्या लांब सदऱ्याला पुसत.

"मावशी, काय दिलंस त्याला?"

"अगं, चिमूटभर मिश्री. मागत हुता. नुसता डब्याकडं बघत उभा ऱ्हायला, मग कळलं मला." उर्मिलाचा चेहरा पाहून म्हातारी गडबडली. "तुझी आई रोज लावायची की त्याला! तू कामाला गेलीस की हितंच, या दगडावर. तुला सांगू नको म्हणायची. शिकलेली हाय, वरडंल म्हणायची."

उर्मिला दगडावर बसली. आपण तेराव्याला काय टाकून दिलं होतं, ते तिला आता कळलं.

डॉक्टर मुजावरांना तिनं फोनवर हे सांगितलं. मग त्यांनी कोडं उलगडलं. तंबाखूनं रक्तवाहिन्या आवळतात. हिरडी आतून खराब होत असली तरी रक्त दिसत नाही. मिश्री बंद झाली आणि जुनं दुखणं उघडं पडलं. पण रोजच्या बोटानं तो थरही पुसला जात होता. नाहीतर एवढे दात एव्हाना राहिलेच नसते. आईनं त्याला बिघडवलं आणि वाचवलंही, आणि दोन्ही एकाच बोटानं.

"आणि ते बोट त्याला सोसतं कसं?"

"एक तर ते दाबून लागतं. हलक्या गुदगुल्या करणारे ब्रशचे केस त्याला झोंबतात, दाब झोंबत नाही. दुसरं म्हणजे वाट ठरलेली आहे. पुढं काय येणार ते आधी माहीत असलं की त्याचा मेंदूही आवाज कमी करतो. आणि संपणार कधी तेही त्याला ठाऊक असतं. त्या टिचक्या, ताई. आपण ब्रश घेऊन गेलो, पण हे कधी संपणार ते त्याला कुठं सांगितलं?"

तंबाखू अर्थातच बंद. डॉक्टरांनी औषधाचा लेप दिला, पण त्याला वास नव्हता आणि वास नसलेलं बोट धैर्यशीलनं बाजूला सारलं. भाजल्याचा वास हवा होता. उर्मिलाची जीभ गेली असली तरी नाक शाबूत होतं. तिनं तव्यावर नाचणी काळी होईपर्यंत भाजली, वासापुरती लेपात कालवली, आणि मिश्रीखेरीज तो स्वतः बोट फिरवेना म्हणून, पट्टी लावून, आईच्या वाटेनं बोट फिरवायला बसली.

जमलं नाही. डाव्या दाढेपाशी पोचण्याआधीच तिला त्याची कळ आपल्या तोंडात लागायची आणि बोट बिचकायचं. बोट बिचकलं की तो बिचकायचा. दोन दिवस हेच झालं.

"तुम्ही त्याचं दुखणं भोगत बसलात," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या आईला ते कधी जाणवलं नाही, म्हणून तिचं बोट सरळ चाललं. काढा ती पट्टी."

"मग त्याला दुखलं तर मला कसं कळणार?"

"इतर माणसांना कळतं तसंच. चेहऱ्याकडं बघून. कधी चुकेलही."

पुढचं आधीच सांगून टाकतो, उगीच टांगून ठेवण्यात अर्थ नाही. हंगामाच्या शेवटी डॉक्टरांनी डावीकडच्या तीन दाढा काढल्या. बाकीचे दात राहिले, भडंगही राहिलं. उर्मिला पिशव्या भरायच्या टेबलावरच राहिली. तिला गोड थोडं कळायला लागलं, आंबट बरंचसं. मीठ मात्र कधी परत आलं नाही. पण खरं सांगायचं आहे ते पट्टी काढल्यानंतरच्या पहिल्या सकाळचं.

परसात, त्याच दगडावर, धैर्यशील बसला होता. उर्मिलानं काळ्या लेपात बोट बुडवलं. तिच्या तोंडात आता काहीच नव्हतं, त्याचंही नाही आणि तिचंही नाही. नुसती पोकळी. तिला भीती वाटली, चांगलीच वाटली. तरी तिनं उजव्या खालच्या दाढेवर बोट टेकलं.

लहान पोराला भरवताना भरवणाराही तोंड उघडतो, तसा तिनं नकळत आ वासला होता. बोट पुढे सरकलं, डावीकडे वळलं, दुखऱ्या दाढेपाशी आलं. तिथं ती थांबली. धैर्यशीलच्या कपाळावर आठी आली. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं तोंड मिटलं नाही. ती पुढे गेली, वर चढली, उलटी उजवीकडे आली आणि हात पुसायला लागली. जमलं होतं.

धैर्यशील तसाच तोंड उघडून बसला. बसला तो बसलाच.

"काय रे? झालं की!"

तो हलला नाही. मग तिच्या ध्यानात आलं. तिनं वाकून त्याच्या पुढच्या दातांवर नखानं दोनदा टिचकी मारली.

"झालं," तो म्हणाला आणि तोंड मिटलं.

पण उठला नाही. टिचक्या मारताना उर्मिलाचं तोंड पुन्हा तसंच उघडं राहिलं होतं. मिटायचं असतं हे बधिर तोंडाला कुठून कळणार? धैर्यशीलनं तिच्याकडे नीट पाहिलं. माणसांच्या तोंडाकडे तो सहसा बघत नसे. मग त्यानं वाटीत बोट बुडवलं आणि तिच्या तोंडात घातलं.

ती दचकली, पण गप्प बसली. त्याचं कोपर हळूहळू डावीकडे जाताना दिसत होतं. वर चढलं. परत आलं. तिला काही म्हणजे काही जाणवत नव्हतं, दाब नाही, चव नाही, बोट आहे की नाही तेही नाही. ती नुसती त्याच्या कोपराकडे बघत राहिली.

मग टक, टक असा आवाज हाडातून तिच्या कानात गेला. आई गेली त्या दिवसापासून अडलेलं सगळं सुटलं, आणि त्या दगडापाशीच बसून ती हमसून हमसून रडायला लागली.

"झालं," धैर्यशील म्हणाला आणि भडंग घ्यायला आत गेला.